वऱ्हाडातला ब्लॉग कागदावरून फिरला

प्रश्न विचारणाऱ्या ताई अमरावतीला एम.ए. करतात आणि त्यांचं गाव अंजनगाव सुर्जी तालुक्यात आहे. लघुप्रबंधासाठी त्यांनी 'ग्रामीण विदर्भावर ब्लॉगिंगचा परिणाम' हा विषय घेतला. मार्गदर्शक म्हणतात, खेड्यात ब्लॉगिंग झालंच नाही, ते पुण्या-मुंबईचं आणि अमेरिकेतल्या मराठी माणसांचं खूळ होतं. ताईंनी गावात पन्नास घरी विचारून पाहिलं तर एकानेही ब्लॉग वाचलेला नाही. आता विषय बदलायचा का, असं त्या विचारतात.

ताई, विषय बदलू नका, पन्नास घरांना विचारलेला प्रश्न बदला. 'तुम्ही ब्लॉग वाचला का' असं विचारलं तर आमच्या दुकानासमोरचा पानटपरीवालाही नाही म्हणेल. पण त्याच माणसाने दुकानातून निघालेल्या ब्लॉगच्या प्रिंटआऊट चार लोकांना वाचून दाखवलेल्या मी पाहिल्या आहेत. त्याच्या लेखी तो 'कागद' होता. खेड्यातला ब्लॉग स्क्रीनवर कमी आणि कागदावर जास्त वाचला गेला, म्हणून वाचकसंख्येचे आकडे घेऊन बसलात तर हाती काही लागणार नाही.

माझ्या बोलण्याला किती वजन द्यायचं ते कळावं म्हणून सांगतो. दर्यापूर तालुक्यात माझं आधी डीटीपीचं दुकान होतं, लग्नपत्रिका आणि पावती पुस्तकं करायचो. २००४ मध्ये त्यात चार कंप्युटर टाकून सायबर कॅफे केला. २००७ पासून मीही ब्लॉग लिहिला आणि इतरांचे कितीतरी टाइप करून दिले. आज त्याच जागेत ऑनलाईन फॉर्म भरतो. मला माहीत आहे ते पयानघाटाचं, म्हणजे दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर या पट्ट्याचं. मेळघाटात आणि गडचिरोलीत मोबाईलचं टॉवर यायलाच इतका उशीर झाला की तिथली गोष्ट वेगळी असणार. माझं उत्तर सगळ्या विदर्भाला लावू नका.

जगाचा इतिहास तुम्हाला पहिल्या प्रकरणात द्यावाच लागेल, पण तो दोन पानांत उरका. १९९७ मध्ये जॉर्न बार्जर या अमेरिकन माणसाने 'वेबलॉग' हा शब्द काढला. १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झने गमतीत त्याची फोड 'वी ब्लॉग' अशी केली आणि 'ब्लॉग' उरला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पायरा लॅब्ज या छोट्या कंपनीने 'ब्लॉगर' सुरू केलं. २००३ मध्ये ते गूगलने विकत घेतलं आणि वर्डप्रेसही त्याच वर्षी आलं. प्रोग्रामिंग न शिकता, पैसे न देता कोणालाही स्वतःचं पान काढता येऊ लागलं आणि नवीन मजकूर आपोआप वर दिसू लागला, एवढ्यात त्या क्रांतीचं मर्म येतं. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा भारतातल्या काही ब्लॉगरांनी मिळून मदतीची माहिती देणारं पान चालवलं. आपल्या देशात ब्लॉग हा शब्द वर्तमानपत्रांत बऱ्यापैकी दिसू लागला तो त्या सुमारास. मराठीत कोणी त्याला 'अनुदिनी' म्हटलं, कोणी 'जालनिशी'. दुकानात मात्र 'ब्लॉक' म्हणायचे. "भाऊ, माझा ब्लॉक उघडून द्या."

आपल्याकडे मात्र खरी अडचण अक्षराची होती, आणि तुमच्या मार्गदर्शकांच्या ध्यानात बहुधा हीच गोष्ट आलेली नाही. तुम्ही महानुभावांच्या सकळी लिपीबद्दल वाचलं असेल. पंथाच्या पोथ्या मराठीतच लिहिलेल्या होत्या, पण अक्षरं बदललेली. किल्ली नसलेल्याला काही वाचता येत नसे, आणि इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती किल्ली उलगडेपर्यंत बाहेरच्या जगाला त्या पोथ्या बंदच होत्या. आमचे डीटीपीचे फाँट म्हणजे तीच सकळी लिपी. मी श्रीलिपी या सॉफ्टवेअरच्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या कंप्युटरवर उघडला की इंग्रजी अक्षरांची नुसती भेळ. वर्तमानपत्रांची संकेतस्थळंही तेव्हा आपापले फाँट उतरवून घ्यायला लावत. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कंप्युटरवर अक्षर सारखंच दिसावं म्हणून ठरवलेल्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून होती, पण आमच्याकडच्या विंडोज ९८ वर तिचे चौकोन दिसायचे. एक्सपी आली तरी मूळ सीडी घालून आधी भाषेच्या सेटिंगमध्ये एक खूण करून घ्यावी लागे, आणि मूळ सीडी कोणाकडे होती? त्यामुळे इकडे मराठी ब्लॉग धड दिसायलाच २००६-०७ उजाडलं. बराहा आणि गमभन अशी साधनं हाताशी आल्यावर इंग्रजी कळफलकावरून मराठी उमटवता येऊ लागलं. माझ्या मते पहिला सामाजिक परिणाम इथेच घडला. आपल्या बोलीतलं वाक्य यंत्रावर उमटतं आणि ते दुसऱ्या यंत्रावर तसंच वाचता येतं, हे आमच्या गिऱ्हाइकांना चमत्कारासारखं वाटायचं.

एक कामाची गोष्ट इथेच सांगतो. 'वऱ्हाड' हा शब्द तेव्हा नीट टाइपच व्हायचा नाही. निम्म्या लोकांनी रफार देऊन 'वर्हाड' लिहिलं. काहींनी अर्धा र जोडण्यासाठी मध्ये एक न दिसणारं अक्षर घातलं. बरोबर लिहिणारे थोडे. 'ऱ्या', 'ऱ्हा' असलेल्या प्रत्येक शब्दाची हीच रड. शोधताना तुम्ही एकच रूप टाकत असाल तर उरलेले ब्लॉग तुम्हाला दिसतच नाहीत. सगळी रूपं टाकून पाहा, मग खेड्यात ब्लॉग झाले की नाहीत ते ठरवा.

आता ते लिहिले कसे जात ते सांगतो. लिहिणारा एक आणि टाइप करणारा दुसरा, हा आमच्याकडचा सर्रास प्रकार. लोक वहीत लिहून आणायचे, आणि माझा टायपिंगचा दर लग्नपत्रिकेचा होता तोच. बाजाराच्या दिवशी तालुक्याला यायचे, वही ठेवायचे, भाजीपाला-किराणा करून संध्याकाळच्या एसटीआधी येऊन तपासायचे. भारनियमन दिवसाला दहा-बारा तास असे, इन्व्हर्टरवर एकच कंप्युटर चाले. म्हणून एखाद्या ब्लॉगवरच्या पोस्टच्या तारखा आणि वेळा लिहून काढा. आठवड्यातला एकच वार आणि तेच तीन-चार तास दिसले तर तो ब्लॉग बहुधा बाजाराच्या गावाहून चढलेला आहे. पण घड्याळ आधी तपासा. ब्लॉगरवर सुरुवातीला अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ लावलेली असायची आणि आमच्यापैकी बहुतेकांनी ती कधी बदललीच नाही. मध्यरात्रीनंतर बारा चाळीसला चढलेली दिसते ती पोस्ट हिवाळ्यात आपल्या दुपारी दोन वाजून दहा मिनिटांची असते. उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ एक तास पुढे जातं, तेव्हा दुपारी एक दहाची. हा हिशोब न करता कोणी 'ग्रामीण ब्लॉगर रात्री जागून लिहीत' असं लिहून बसेल!

कागदाचा प्रवास कसा व्हायचा त्याचं माझ्यासमोर घडलेलं एक उदाहरण देतो. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. विहिरीचं पाणी खारं, पिण्यालाही नाही आणि ओलितालाही नाही. शहानूर धरणाचं पाणी पाइपलाइनने येतं, पण लाइनच्या शेवटच्या टोकाला असलेल्या गावांचं काय होतं ते तिथे राहणाऱ्यालाच माहीत. अशा एका गावातल्या गुरुजींनी २००९ च्या उन्हाळ्यात वऱ्हाडीत एक पोस्ट लिहिली. 'आमच्या इकडं चहात साखर दोन खेपा टाका लागते' अशी तिची सुरुवात होती. नळाला किती दिवसांनी पाणी आलं, किती गुंड भरले, कोणाची पाळी चुकली, याचा महिनाभराचा हिशोब त्यात होता. त्या पोस्टला वाचक मिळाले असतील पन्नासेक. पण त्यातला एक त्याच गावचा मुलगा, पुण्यात नोकरीला. त्याने ती ई-मेलने दहा जणांना पाठवली. त्यातून ती एका दैनिकाच्या तालुका वार्ताहराकडे पोचली, आणि तो वार्ताहर माझ्या दुकानापासून शंभर पावलांवर बसायचा! दोन गल्ल्यांमधलं अंतर कापायला पोस्टला पुण्याहून जाऊन यावं लागलं. त्याने बातमी केली. गुरुजींनी मूळ पोस्टच्या वीस प्रती माझ्याकडून काढून नेल्या. एक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली, एक ग्रामसभेत वाचली गेली, आणि एक अर्जाला जोडून पंचायत समितीत गेली. अर्ज नुसता असता तर आवक क्रमांक पडून राहिला असता. महिनाभराचा तारीखवार हिशोब जोडलेला असल्यामुळे साहेबांना उत्तर देणं भाग पडलं. पुढे वॉल्व्हची दुरुस्ती झाली आणि पाण्याच्या पाळ्या नीट लागल्या.

ब्लॉगमुळे पाणी आलं असं मी म्हणणार नाही, तुम्हीही लिहू नका. सरपंचबाई त्याआधी चार महिने चकरा मारत होत्या आणि वार्ताहराला त्या आठवड्यात बातमी हवी होती. पण ब्लॉगने नोंद ठेवली, ती दूरच्या माणसाला दिसली, त्याने ती परत पाठवली आणि गावात ती कागद म्हणून उतरली. दूर जाऊन परत येण्याची ही वाट मला पुन्हा पुन्हा दिसली. वाचणारा बाहेरगावी गेलेला आणि ऐकणारा गावातला. तुमच्या पन्नास घरांत ऐकणारे सापडतील. वाचणारे हवे असतील तर त्याच घरांतल्या पुण्या-नागपूरला गेलेल्या मुलांचे नंबर घ्या.

उलट बाजूही सांगायला हवी. २००६ मध्ये विदर्भ देशभर गाजत होता. जुलैच्या सुरुवातीला पंतप्रधान मनमोहन सिंग येऊन गेले, आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या काळात विदर्भावर इंग्रजी ब्लॉगांत खूप लिहिलं गेलं, काही चांगलंही होतं. पण ते विदर्भावर लिहिलेलं होतं, विदर्भातून लिहिलेलं नव्हतं. त्याची प्रिंट माझ्याकडे कोणी कधी मागितली नाही. कापसाचा भाव, कर्ज, बियाणं यांतलं काहीही ब्लॉगने हललं नाही. ज्या महिन्यात पंतप्रधान आले त्याच महिन्यात, ११ तारखेच्या मुंबईच्या लोकल स्फोटांनंतर, सरकारने काही ठरावीक पानं बंद करायला सांगितली आणि इंटरनेट कंपन्यांनी अख्खं ब्लॉगस्पॉटच, म्हणजे ब्लॉगरवरचे ब्लॉग जिथे दिसतात ते संकेतस्थळ, काही दिवस बंद करून टाकलं. माझ्या गिऱ्हाइकांना वाटलं, दुकानाचं बिल थकलं असेल. "काऊन बंद हाये भाऊ, पैसे भरले नाई का?" दिल्लीतल्या आदेशाचं उत्तर दर्यापुरात मला द्यावं लागत होतं.

बाहेरून लिहिणाऱ्यांचा आवडता विषय म्हणजे शकुंतला. १९९४ पर्यंत कोळशाच्या इंजिनावर चाललेली ही आमची अरुंद रुळांची गाडी. तिच्यावर किती हळवे लेख आहेत त्याला गणतीच नाही. माझाही जीव आहे त्या गाडीवर. पण पाण्यावर एक पोस्ट आणि शकुंतलेवर साठ, हे प्रमाणही एक निष्कर्षच आहे. मोजून पाहा.

एका बाईंबद्दल लिहू की नको, असं दोनदा झालं. ओळख पटेल असं काही सांगत नाही. त्या बचत गटाच्या कामासाठी तालुक्याला यायच्या आणि टोपणनावाने ब्लॉग लिहायच्या. सासर, शेतातली मजुरी, गटातल्या बायकांचे हिशोब, सगळं वऱ्हाडीत. मी टाइप करताना सवयीने 'पाह्यलं'चं 'पाहिलं' करायचो. तिसऱ्या खेपेला त्यांनी मला थांबवलं. "भाऊ, मी जसं लिवलं तसंच ठेवा. पेपरवाले तर सुधरवतातच." बोली जशीच्या तशी छापून यायला ब्लॉग येईपर्यंत फारशी जागा नव्हती. काही कथा-कविता सोडल्या तर असायची ती बहुतेक विनोदी लेखनात, तीही बोलणाऱ्याला हसण्यासाठी. या बाईंनी दुःखही त्याच बोलीत लिहिलं. दीड वर्षात चाळीसच्या आसपास पोस्ट झाल्या. मग त्यांनी एका पोस्टमध्ये घरामागच्या विहिरीचं वर्णन केलं. शहरात टोपणनाव पुरतं, खेड्यात विहिरीवरून माणूस ओळखू येतो. एक प्रिंट कोणीतरी त्यांच्या दिराच्या हाती दिली. त्यानंतर त्या आल्या नाहीत. ब्लॉग अजून तसाच आहे, मी कधीमधी उघडून पाहतो. जो कागद गुरुजींच्या कामी आला त्याच कागदाने बाईंचं लिहिणं बंद केलं. 'सामाजिक परिणाम' या मथळ्याखाली तुम्हाला दोन्ही धरावे लागतील.

संख्येने पाहिलं तर ग्रामीण महाराष्ट्रातली ब्लॉगची सगळ्यात मोठी लाट जिल्हा परिषदेच्या शिक्षकांची, साधारण २०१३ ते २०१७. तुमच्या मार्गदर्शकांनी ती ब्लॉगिंग म्हणून धरलीच नसेल, कारण त्यात ललित काही नव्हतं. शासन निर्णय, आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी, चाचण्यांच्या प्रश्नपत्रिका, कविता चालीवर म्हटलेल्या ध्वनिफिती. २२ जून २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा निर्णय आला, शाळांची माहिती 'सरल' या सरकारी ऑनलाईन प्रणालीवर भरायला लागली, आणि तंत्र जाणणारा प्रत्येक दुसरा गुरुजी ब्लॉग काढू लागला. याआधी परिपत्रक केंद्रशाळेत येणार, तिथून निरोप जाणार, तोवर मुदत संपलेली. आता दोनशिक्षकी शाळेतल्या गुरुजीला ते त्याच दिवशी मिळू लागलं, आणि वरच्या माणसाने माहिती अडवून ठेवण्याची जी एक छोटी सत्ता असते ती थोडी ढिली झाली. नक्कल भरपूर चाले. एकच प्रश्नपत्रिका वीस ब्लॉगांवर, प्रत्येकावर वेगळ्या गुरुजींचा फोटो. त्या दोन-तीन वर्षांत माझं दुकान चाललं ते त्यांच्याच झेरॉक्सवर.

पुढचं थोडक्यात. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि लोक लिहिण्याऐवजी पाठवायला लागले. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. ती बातमी इकडे व्हॉट्सॲपवर पसरली, ब्लॉगच्या कितीतरी पुढे. पण फवारताना तोंडाला काय बांधायचं, वारा कोणत्या बाजूने हवा, अंगावर औषध सांडलं तर आधी काय करायचं, हे त्या हंगामातल्या व्हॉट्सॲपवर आज शोधून दाखवा. लिहून ठेवलेलं पान दरवर्षी फवारणीच्या दिवसांत पुन्हा उघडतं, पुढे ढकललेला व्हिडिओ आठवड्यात गडप होतो.

फेब्रुवारी २०१९ मध्ये पीएम किसान सुरू झाल्यावर योजनांच्या ब्लॉगांचं पेव फुटलं. गूगलच्या जाहिराती हिंदीला आधी आणि मराठीला नंतर मिळू लागल्या होत्या, म्हणजे वाचक आला की पैसे. 'यादी जाहीर, तुमचं नाव पाहा' असा मथळा आणि आत यादीच नाही. त्यावर भरवसा ठेवून माणूस मजुरी बुडवून माझ्या काउंटरवर येतो, आणि अशी कुठलीच यादी निघालेली नाही हे मला सांगावं लागतं. माझ्यावरच चिडतात, मोबाईलमध्ये दाखवतात, "हे पाहा ना, लिहून हाये." छापील अक्षरावर खेड्यातल्या माणसाचा जो विश्वास आहे त्याच्यावर गुरुजींचा अर्ज चालला होता. तोच विश्वास हे लोक आता जाहिरातीला विकतात. यावर एक वेगळं प्रकरण लिहा, कारण हे आज चालू आहे आणि साक्षीदार रोज माझ्याच रांगेत उभे असतात.

मार्गदर्शकांना पटवायचं असेल तर एकच तालुका घ्या. त्यातले सापडतील ते ब्लॉग तीन प्रकारांत टाका, गावातून लिहिलेले, गावावर बाहेरून लिहिलेले आणि शिक्षकांचे. बंद पडलेल्यांसाठी वेबॅक मशीन हे जुनी पानं साठवून ठेवणारं संकेतस्थळ पाहा. ब्लॉगस्पॉटवरचे बरेचसे अजून जागेवर आहेत, कारण तिथे भाडं भरावं लागत नाही. मग एकेका पोस्टचा माग काढा. प्रिंट कोणी काढली, कुठे लागली, कोणत्या अर्जाला जोडली? पंचायत समितीच्या जुन्या फाइलींत जोडपत्रं पाहायला मिळाली तर सोनं समजा. मिळतील की नाही ते तिथल्या बाबूवर आणि तुमच्या माहितीच्या अर्जावर अवलंबून आहे. गावात विचारताना ब्लॉग, संकेतस्थळ असले शब्द वापरू नका. 'दर्यापूरहून आणलेला छापील कागद कोणी वाचून दाखवला होता का?' एवढंच विचारा. आणि टोपणनावाने लिहिणाऱ्या बायकांची नावं कळली तरी प्रबंधात घालू नका, विहीरसुद्धा नको.

२०११ च्या नियमांनी सायबर कॅफेवाल्यांना गिऱ्हाइकाचं ओळखपत्र पाहून वहीत नोंद ठेवणं सक्तीचं केलं होतं. वह्या वर्षभरच जपायच्या असल्यामुळे मी बऱ्याचशा रद्दीत दिल्या, पण दोन माळ्यावर आहेत. नावाचा रकाना झाकून वार आणि वेळा उतरवून घ्यायला देईन. दुपारी तीननंतर या. सकाळी ई-केवायसीची रांग असते, तेव्हा माझ्याशी कोणाला बोलता येत नाही.